अण्णांची आंघोळ

"मालन, हा वास कसला गं?"

विमलवन्संनी नाकाला पदर लावला होता. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. माई गेल्यावर पहिल्यांदाच त्या पंचमीला माहेरी आल्या होत्या. आल्या आल्या वडलांना भेटायला आतल्या खोलीत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते.

"अण्णांचा आहे," मी म्हणाले. "नीट आंघोळ करत नाहीत. कपडे बदलत नाहीत. मी सांगून दमले."

"सांगून दमलीस? चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते ते. त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. आणि तू त्यांना उकिरड्यावर ठेवल्यागत ठेवलंस? माई असती तर?"

भाकरी माझ्या हातातच फाटली. तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि मोठ्या नणंदेला उलटून बोलायची आमच्यात रीत नव्हती.

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं घर बार्शीत, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. अण्णा म्हणजे माझे सासरे. किल्लेदार डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी अख्ख्या गल्लीला सुया टोचल्या, जखमा धुतल्या, गळवं फोडली. मळकी नखं घेऊन कोणी आलं तर म्हणायचे, "आधी हात धुऊन ये, मग औषध." पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, दोन्ही वेळ आंघोळ. असा माणूस. फाल्गुनात माई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि महिन्याभरात या माणसाच्या खोलीत शिरताना मला श्वास धरावा लागायला लागला.

मी रोज सकाळी बंब पेटवायचे, न्हाणीत पाणी काढून ठेवायचे. अण्णा टॉवेल घेऊन आत जायचे, आतून आकडा लावायचे. पाण्याचा आवाज यायचा, तांब्यावर तांब्या. पण बाहेर यायचे ते त्याच शर्टात, त्याच लेंग्यात. टॉवेल कोरडा. साबणाची वडी महिनाभर तेवढीच. हळूहळू लेंग्याला डाग दिसायला लागले, मग गादीला. मी नाकाला फडकं बांधून गादीची खोळ धुवायचे आणि भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बडबडायचे. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम छळतोय. माईंची सेवा गोड लागायची, सुनेची कडू लागते.

हे, म्हणजे माझे मालक दिगंबर, म्हणायचे, "दुःख आहे गं त्यांना." मग दोन महिन्यांनी म्हणायला लागले, "हट्ट आहे." एकदा यांनी अण्णांना हाताला धरून न्हाणीकडं ओढलं. अण्णांनी हिसडा दिला आणि इतके ओरडले की शेजारच्या कौशाकाकू भिंतीवरून डोकावल्या. त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी बहीण-भाऊ माजघरात बसले. मी वाढत होते.

"लातूरच्या वाटेवर एक वृद्धाश्रम आहे," वन्सं म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या ओळखीचे एकजण आहेत तिथं. माणसं ठेवलीत त्यांनी असल्या कामाला."

"अण्णा तयार होतील?"

"विचारायचं कशाला? पंचमी झाली की रिक्षा करायची आणि न्यायचं. इथं राहून तरी काय चाललंय त्यांचं?"

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन बघून येऊ."

मला कोणी विचारलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरंच वाटलं. गादी धुवायची कटकट सुटेल, असं मनात आलं. त्या विचाराची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली. त्या रात्री वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी नागचतुर्थी. वन्संचा भावासाठी उपवास होता. त्या आणि हे सकाळी सातच्या एसटीनं गेले. मी नेहमीसारखं पाणी काढलं. अण्णा टॉवेल घेऊन न्हाणीत गेले, आकडा लावला. पाण्याचा आवाज सुरू झाला.

न्हाणीच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला जातं. मी केळीपाशी भांडी घासत होते. समोरून पाणी वाहत होतं, स्वच्छ, नितळ. त्याला साबणाचा फेस नाही की मळाचा रंग नाही. पाच महिने ते पाणी माझ्या डोळ्यांसमोरून वाहत होतं आणि मी बघितलं नव्हतं. नुसतं फरशीवर ओतलेलं पाणी जसं असतं, तसं ते होतं.

मी उठले. दाराशी गेले.

"अण्णा?"

ओतण्याचा आवाज थांबला.

"अण्णा, आकडा काढा."

"कशाला? जा तू. आंघोळ चाललीय माझी."

"चालली असंल तर चालू दे. आकडा काढा."

आत तांब्या पडल्याचा आवाज झाला. मग अगदी बारीक आवाजात, मला कधीही ऐकवला नव्हता अशा आवाजात अण्णा म्हणाले, "निघंना."

"काय निघंना?"

"आकडा."

मी स्वैपाकघरातून उलथनं आणलं, पत्र्याच्या दाराच्या फटीतून घातलं आणि आकडा वर उचलला. दार ढकललं. अण्णा न्हाणीतल्या दगडावर बसले होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली. लेंग्याची नाडी बांधलेली, गाठ ओढून ओढून खडा झालेली. पाय तेवढे ओले. उजवा हात मांडीवर आपटत होता, माशानं पाण्याबाहेर आपटावं तसा, आणि डाव्या हातानं त्यांनी तो दाबून धरला होता.

मला बघून त्यांनी तांब्या उचलला आणि फेकला. माझ्या भुवईवर लागला.

"बाहेर हो! लाज नाही वाटत?"

मी भुवईला हात लावला. थोडं रक्त आलं होतं. मला एकदम राग आला. त्यांचा, माझा, सगळ्यांचाच.

"नाही वाटत," मी म्हणाले. "आणखी एक मारायचा असंल तर मारा. पण मी आता बाहेर जाणार नाही."

अण्णांनी माझ्या भुवईकडं बघितलं. चाळीस वर्षांची सवय. म्हणाले, "वर वर आहे. टाका नाही लागणार." आणि मान खाली घातली.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बटणं निघत नाहीत ना?"

त्यांनी डाव्या हातानं नाडीची गाठ झाकली.

"नाडी सुटत नाही. म्हणून लेंगा भिजतो. वेळेवर सुटत नाही म्हणून."

"कंपवात आहे," ते म्हणाले. "दोन-अडीच वर्षं झाली. मला कळतं ना. शेकडो बघितलेत."

"अडीच वर्षं? माई होत्या तेव्हा तर तुम्ही..."

"तीच घालायची."

मी पडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला.

"तुला काय वाटायचं, पहाटे चारला उठून ती न्हाणीत काय करायची? देवाचं पाणी भरायची? ती मला आंघोळ घालायची. तुम्ही उठायच्या आत कपडे चढवून मोकळी व्हायची. दवाखान्यात होतो तेव्हा सगळ्यांच्या अंगाला हात लावला मी. माझ्या अंगाला कुणी लावू नये, एवढंच मागितलं होतं तिच्याकडं. शपथ घातली होती. शेवटच्या आठवड्यात म्हणत होती, मालनला सांगते. मी सांगू दिलं नाही."

माईंच्या लुगड्याचे काठ पहाटे ओले असायचे, ते मला आठवलं. चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या असायच्या. मी म्हणायचे, माई, इतक्या थंडीत तुम्ही कशाला पाण्यात हात घालता? त्या हसायच्या.

"आणि हे पाणी?" मी विचारलं. "रोज फरशीवर?"

"तुम्हाला आवाज ऐकू यावा म्हणून."

मी पदर कमरेला खोचला. पंचा आणला, त्यांच्या मांडीवर पसरला आणि बटणाला हात घातला. अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात हलत होता, त्यामुळं माझाही हलायला लागला.

"तू सून आहेस."

"तुम्ही कंपाउंडर होतात तेव्हा कुणाचे कोण होतात?"

मग त्यांनी मनगट सोडलं.

"पाणी फार कढत आहे," ते म्हणाले. "विसण घाल. आणि आधी तोंड पुसायचं. वेगळ्या फडक्यानं. मग मान, मग काखा. खालचं सगळ्यात शेवटी. ते फडकं वरती परत आणायचं नाही."

"बरं."

"चोळू नको. टिपायचं. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदाची असते."

त्यांनी सांगायचं आणि मी करायचं. नाडीची गाठ मला कात्रीनं कापावी लागली. मांड्यांच्या सांध्यात कातडी सोलून लाल झाली होती. ते बघून मला हुंदका आला. अण्णा म्हणाले, "रडायचं नंतर. आधी कोरडं कर. ओल राहिली की चिघळतं. माझ्या ट्रंकेत जांभळ्या औषधाची बाटली आहे." तीन बादल्या पाणी लागलं. तिसऱ्या बादलीला केळीकडं जाणारं पाणी निवळलं.

मग मी त्यांना धुतलेला लेंगा चढवला, पण त्याआधी त्याची नाडी काढून टाकली. घरी मी ब्लाऊज शिवायचे, इलॅस्टिक होतं. पाच मिनिटांत मशिनीवर नेफ्यात ओवून दिलं. "ओढलं की खाली, ओढलं की वर," मी म्हणाले. अण्णांनी दोनदा करून बघितलं, लेकरानं खेळणं बघावं तसं.

बारा वाजता वन्सं आणि हे परत आले तेव्हा अण्णा परसात उन्हाला खुर्चीवर बसले होते. उघड्या अंगाला खोबरेल लावलेलं. मी खाली बसून त्यांच्या पायाची नखं कापत होते. उद्या पंचमी, उद्या कापाकापी करायची नसते, म्हणून आजच.

वन्संच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

"कुणी घातली आंघोळ?"

"मी."

"तू? म्हणजे पाणी काढून दिलंस?"

"काढून दिलं आणि घातलीसुद्धा."

"अगं बाई! सासऱ्याला? सुनेनं?" त्यांनी आवाज खाली आणला, पण कौशाकाकूंच्या भिंतीपर्यंत जाईल इतका ठेवलाच. "डोक्यावर पदर तरी आहे का तुझ्या? दिगंबर, बघ तुझी बायको."

हे पुढं आले. चेहरा लाल झालेला. "घरात पुरुषमाणूस नाही का? मला सांगायचं होतंस. लोक काय म्हणतील?"

कात्री माझ्या हातात होती. मी उठून उभी राहिले.

"काल वास येत होता तर मी वाईट," मी म्हणाले. "आज वास गेला तर मी निर्लज्ज. वन्सं, तुम्हीच सांगा, मी चांगली कुठल्या वारी असते?"

"तोंड वर करून बोलतीस?"

"हो. बोलते. तिकडं आश्रमात कोण घालणार होतं आंघोळ? पगारी माणूसच ना? त्यानं घातली की अब्रू राहते आणि मी घातली की जाते? ही कसली अब्रू? पाच महिने हा माणूस आपल्याच घरात सडत होता. दार तीन हातांवर. आपल्या तिघांपैकी एकानंही ते उघडून बघितलं नाही. मीसुद्धा नाही. त्याची लाज वाटून घ्या. याची कशाला?"

"हट्ट होता त्यांचा," हे म्हणाले. "मी नेत होतो ना धरून. त्यांनीच..."

"दिगंबर, इकडं ये," अण्णा म्हणाले.

दोन-तीन महिन्यांनी बाप लेकाशी बोलला होता. हे जवळ गेले.

"शर्ट काढ."

"काय?"

"शर्ट काढ तुझा. डाव्या हातानं."

यांना काही कळलं नाही, पण हात बटणाकडं गेला. अण्णांनी आपल्या थरथरत्या उजव्या हातानं यांचं मनगट घट्ट धरलं. थरथर यांच्या हातात उतरली. बोटं बटणावर गेली आणि निसटली. परत गेली, परत निसटली. पहिलं बटण निघायला खूप वेळ लागला. दुसरं निघालंच नाही. वन्संनी पदर तोंडाशी धरला, पण या वेळी नाकाला नव्हे.

"अजून चार राहिलीत," अण्णा म्हणाले. "मग बनियन. मग नाडी."

यांनी हात खाली सोडला. तिथंच जमिनीवर बसले आणि बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं.

"सांगायचं होतं, अण्णा."

"तू ओढत होतास. विचारलं कुठं होतंस?"

त्या दिवशी आश्रमाचं नाव परत निघालं नाही. पण वन्संचं समाधान झालं नव्हतं. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "झालं ते झालं. पण घरातली गोष्ट घरात राहू दे. बाहेर कळायला नको." यांनी मान डोलावली. मीही हो म्हणाले, कारण माझीसुद्धा तीच इच्छा होती. यांच्यापुढं तोंड वर करून बोलले खरी, पण गल्लीला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती.

पंचमीला दुपारी दिंडं झाली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाकडं निघाल्या. अण्णा म्हणाले, "मला ओट्यावर बसव." माई गेल्यापासून ते ओट्यावर आले नव्हते. मी त्यांना पांढरा शर्ट घातला. बटणं लावली. वन्सं आणि मी ताटं घेऊन बाहेर आलो, तर बायकांचा घोळका आमच्याच दाराशी थबकलेला.

"अगंबाई, अण्णा!" कौशाकाकू म्हणाल्या. "आज लई उजळ दिसताय."

त्यांच्या हसण्यात काय होतं ते मला कळलं. भिंतीपलीकडून त्यांनी काल सगळं ऐकलं होतं. बाकीच्या बायकांनाही एव्हाना कळलं असणार, कारण दोघी-तिघी माझ्याकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. वन्संनी माझा दंड धरला. मी मान खाली घातली.

अण्णांनी घसा साफ केला. दवाखान्यात नंबर पुकारायचे त्या आवाजात, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईल असं ते बोलले.

"सुनेनं आंघोळ घातली."

कोपरानं ढोसणं थांबलं.

"काल घातली, आज घातली. उद्याही घालील. मला कंपवात झालाय, बटण निघत नाही. पाच महिने मी घाणीत बसलो, ती माझी लाज. हिची नाही. कुणाला काही बोलायचं असंल तर मला बोला. इथंच बसलोय."

एकीच्या ताटातल्या लाह्या वाऱ्यानं उडाल्या, त्या तिनं गोळाही केल्या नाहीत. मग घोळका हलला. वन्संनी माझा दंड सोडला. त्या माझ्या बरोबर चालल्या नाहीत, चार पावलं पुढं चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सासरी निघून गेल्या आणि पुढं दोन वर्षं पंचमीला आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आल्या तेव्हा अण्णांची पाठ त्यांनी पुसली. मी फडकं कसं धरायचं ते दाखवलं.

अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. रविवारी हे आंघोळ घालायचे, बाकीचे सहा दिवस मी. सुरुवातीला यांचे हात थरथरायचे, बापापेक्षा जास्त. मग सवय झाली. गल्लीत माझ्या नावानं बोललं गेलं नाही असं नाही. एका लग्नात मला हळदी-कुंकवाला मुद्दाम शेवटी बोलावलं. मी गेले आणि पोटभर जेवून आले.

पण त्या पंचमीचा दुसरा दिवस मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. वन्सं गेल्या होत्या. हे कामावर. दुपारी परसातलं दार वाजलं. उघडलं तर कौशाकाकू. पुढच्या दारानं न येता मागच्या दारानं आल्या होत्या. हातात काही नव्हतं. साखर मागायला येतात तसं वाटीचं निमित्तसुद्धा नव्हतं.

"काय काकू?"

त्या आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "आमच्या सासूबाई."

"काय झालं?"

"वर्ष झालं असंल. मोरीकडं जात न्हाईत. केसांच्या जटा झाल्यात. अंगाला हात लावू देत न्हाईत. बोचकारतात. आम्ही सगळी म्हणतो, म्हातारी हट्टी आहे." त्यांनी माझा हात धरला. "मालन, हट्टच असतो का गं तो?"

आतून अण्णांचा आवाज आला. "कौशे, जेवताना घास तोंडापर्यंत जातो का त्यांचा? दिसतं का नीट? मोरीत कधी घसरल्या होत्या का?"

काकूंनी आतल्या खोलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घसरल्या होत्या," त्या पुटपुटल्या. "मागच्या दिवाळीत. तवापासनंच."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना बसवलं नाही. पाणीही दिलं नाही. ट्रंकेतली जांभळ्या औषधाची बाटली घेतली, दोन मऊ फडकी घेतली आणि पदर कमरेला खोचला.

तेवढ्यात जेवायला म्हणून हे घरी आले. मला बाहेर पडताना बघून दारातच थांबले.

"कुठं निघालीस?"

"कौशाकाकूंच्या सासूला आंघोळ घालायला," मी म्हणाले. "भाकरी टोपलीत आहे. अण्णांनाही वाढा."

हे वाटेतून बाजूला झाले.